मानेला हात लावायचा नाही

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारा मुलगा घरी आला आणि म्हणाला की मावशी, तुमच्या कुस्तीवर लिहा, काहीतरी प्रेरणादायी. मी म्हटलं, बाबा रे, प्रेरणा हवी असेल तर दुसरं दार वाजव. आपल्या शहरात, तिकडे हरिशंकरपुरमात, गल्लोगल्ली कोचिंग क्लास आहेत, तिथे भिंतीवर रंगवलेली मिळेल. माझ्याकडे आहे ती भीती. शाळेतल्या पहिल्या कुस्तीपासून परदेशातल्या शेवटच्या कुस्तीपर्यंत मी घाबरतच खेळले, आणि आता मुलींना शिकवते तेही घाबरतच. तो हसला. त्याला वाटलं, मावशी थट्टा करतायत.

लोकांचा समज असा की पैलवान म्हणजे निडर. अहो, कुठल्याही स्पर्धेत आतल्या खोलीत जाऊन बघा. कुस्तीची वाट बघत बसलेला पैलवान एकामागून एक जांभया देत असतो. बघणाऱ्याला वाटतं, काय बेफिकीर माणूस आहे, झोप येतेय याला. झोप कसली! भीतीनं छाती आवळली की अशा जांभया येतात. मी तर जबडा दुखेपर्यंत द्यायची. वजन करण्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद, प्लॅस्टिकचा सूट घालून धावायचं, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकायची. इतकं करून काटा जरा पुढे गेला की सगळं फुकट. भीती तिथूनच सुरू व्हायची.

आमचं घर इंदरगंजच्या मागच्या बाजूला. पूर्वज मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आले. तलवार गेली, मिशी राहिली, आणि बाबांच्या पिढीला ती मिशी घेऊन वीज कार्यालयात बाबूगिरी करावी लागली. मी अंगानं थोराड. शाळेला जिल्ह्याच्या स्पर्धेत कुस्तीसाठी एक मुलगी हवी होती, तर खेळाच्या सरांनी वर्गात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. समोरच्या मुलीलाही तिच्या शाळेनं असंच धरून आणलं होतं. आम्ही दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिलो, आणि पहिली ती रडली. मला विजयी घोषित केलं, मग मीही रडले.

बाबांनी मला अण्णांकडे नेलं. अण्णा म्हणजे किला गेटच्या तालमीचे उस्ताद. आपल्याच मराठी माणसांतले, पण मुलं सगळी हिंदी बोलणारी, त्यामुळे अण्णांची भाषा अशी की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि शिवी हिंदीत संपायची. मुलींना आखाड्याच्या मातीत उतरू देत नसत. अण्णांनी शेजारी पत्र्याची शेड टाकून गादी आणली आणि म्हणाले, "माती पुरुषांची. गादी कोणाचीही." मला तेव्हा हे फार उदार वाटलं होतं. आता वाटतं की मेहेरबानीच केली होती, पण तेवढी तरी कोण करत होतं?

अण्णांकडे सकाळी पैलवान असायचे आणि दुपारी गिऱ्हाईक. लश्कर म्हणजे आमचा शहराचा भाग, त्यातली अर्धी वस्ती त्यांच्याकडे हातपाय घेऊन यायची. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, धरलेली कंबर. एकदा एक सराफ आले, खांदा निखळलेला, आणि शर्ट काढायला तयार नाहीत, कारण आत बनियनला भोक होतं. अण्णांनी त्यांना दुकानात सोन्याचा भाव काय चाललाय ते विचारलं आणि ते सांगायला लागले तेवढ्यात खांदा जागेवर बसवला. सराफ ओरडले ते भाव सांगतानाच. अशी त्यांच्या हातांची ख्याती. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अण्णांचा अपमान, असं तालमीत सगळे मानत. मीही मानत होते.

शेडमध्ये आम्ही मोजक्याच मुली. त्यातली रेखा माझ्याच वजनाची, माझ्याहून लहान. तिचं घर तालमीच्या मागेच. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. मला ती दीदी म्हणायची, आणि गादीवर मात्र दीदीचे हाल करायची. चपळ म्हणजे किती, पारा परवडला. आम्ही दोघी राज्याच्या संघात एकापाठोपाठ एक आलो, शिबिराला बरोबर गेलो, एकाच डब्यातलं खाल्लं. तिनं माझे कान मोडले, मी तिचे. कुस्तीत कान घासून घासून सुजतात आणि गोळ्यासारखे होतात, त्याला आम्ही कान मोडणं म्हणतो. मला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाच्या वेळी आई म्हणाली की केस पुढे घे, कान दिसतायत. मी केस मागे बांधले. स्थळ चहा पिऊन गेलं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मातीच्या कुस्तीत पाठ लागली की खेळ खलास. बाकी काही होवो. म्हणून मातीतल्या पोराला पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात, जीव गेला तरी पाठ लावू द्यायची नाही. कोणी उचलून फेकलं तर हवेतल्या हवेत मांजरासारखं उलटायचं आणि पोटावर पडायचं. अण्णा आम्हाला गादीवर शिकवायचे, पण शिकवण मातीचीच. सरावातसुद्धा पाठीवर पडलं की मागून वेत यायचा. त्यामुळे आम्हाला सरळ पाठीवर पडताच येत नव्हतं. आम्ही त्याचा अभिमान बाळगायचो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी आमच्या वजनात एकच जागा होती. निवड चाचणीत शेवटी मी आणि रेखाच समोरासमोर येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाचणी चार दिवसांवर होती. सकाळचा सराव चालला होता. अण्णांनी आम्हा दोघींना लावलं आणि म्हणाले, बघू दे कोण जाणार ते.

मी ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याची मान आणि एक हात कवेत घ्यायचा, आपली कंबर त्याच्याखाली घुसवायची आणि त्याला पाठीवरून पलीकडे टाकायचं. माझा तो हुकमी डाव. रेखा वर उचलली गेली, सरळ पडली असती तर पाठ गादीला लागून आवाज झाला असता आणि आम्ही हसलो असतो. पण ती हवेत उलटली. पाठ लागू द्यायची नाही ना! तिचं डोकं आधी गादीवर टेकलं, आणि वरून तिचं स्वतःचं आणि माझं, दोघींचं वजन आलं. मला तिच्या मानेतला आवाज ऐकू आला. हरभऱ्याची सुकी डहाळी मोडावी तसा, बारीक. इतर कोणी ऐकला नाही.

मी बाजूला झाले. ती कुशीवर पडली होती, डोळे उघडे. तिनं हळू आवाजात विचारलं, "दीदी, मेरे पैर सीधे हैं क्या?"

तिचा एक पाय तिच्याच खाली दुमडला होता. कोणालाही कळ आली असती इतका. मी म्हटलं, हाँ, सीधे हैं.  अशी भीती मी आधी कधी पाहिली नव्हती आणि देव करो पुढेही न दिसो.

अण्णा उठून आले. घाई नाही, गडबड नाही. धोतराला हात पुसले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "सरक सुमे. मान उतरलीय. बसवतो."

मान बसवणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहत आले होते. हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात, जरा ताण द्यायचा आणि एका झटक्यात फिरवायची. लचकलेल्या माना अण्णांनी किती बसवल्या असतील, गणती नाही. मुलं मागे उभी राहिली, निवांत. अण्णा आले म्हणजे झालं.

शिबिरात एका दुपारी एका फिजिओबाईंनी आम्हाला मानेच्या दुखापतीबद्दल सांगितलं होतं. जेवणानंतरची वेळ, निम्म्या मुली पेंगत होत्या. मीही. मला त्यातली फक्त दोन वाक्यं आठवत होती. मानेला हात लावायचा नाही. डोकं आहे तसं धरून ठेवायचं. का, ते आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, एक अक्षर आठवत नव्हतं.

मी रेखाचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कोपर गादीवर रोवले आणि म्हटलं, "अण्णा, मानेला हात लावायचा नाही."

तालमीत उस्तादाला नाही म्हणायची पद्धत नाही. पाय धरायची पद्धत आहे. मागे कोणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. अण्णांना वाटलं की मी घाबरून बरळतेय. ते समजावून सांगू लागले, अगदी मऊ आवाजात, आणि तो मऊ आवाजच मला सहन होईना. म्हणाले, वेळ गेली की नस आखडते, मग बसत नाही, पोरगी जन्माची लुळी होईल. त्यांनी हात पुढे केला. मी रेखाच्या डोक्यावर ओणवी झाले, त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला. मी ओरडले की कोणीतरी अॅम्ब्युलन्स बोलवा. कोणी हललं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. शेवटी धाकट्या मुलींपैकी एकीनं बाहेर जाऊन फोन लावला.

मला खात्री होती म्हणून मी अडले, असं जर कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मला मुळीच खात्री नव्हती. अण्णा पन्नास वर्षं हाडं बसवत होते आणि माझ्याकडे पेंगताना ऐकलेली दोन वाक्यं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी मनात एकच विचार करत होते, त्यांचंच बरोबर असेल तर? हीच वेळ जातेय, जी ते म्हणतायत ती? माझे हात जरा जरी हलले तर तिची मान हलेल म्हणून मी कोपर गादीत आणखी रुतवले. रेखा मधूनमधून म्हणायची, दीदी, छोड़ना मत. अण्णा उठले, आखाड्याच्या कडेला जाऊन पाठ करून बसले.

गाडी आली तर त्या माणसांनीही तिला बगलेत धरून उचलायची तयारी केली. मी त्यांच्यावर अशी काही डाफरले की त्यांनी मुकाट्यानं फळी आणि गळ्याचा पट्टा आणला. मी तिचं डोकं रुग्णालयाच्या दारातच सोडलं, तेही डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून सोडवली तेव्हा.

रेखाची आई आली. हातात कात्री तशीच होती, कापड कापता कापता धावत आलेली. मला वाटलं, विचारेल की तू का फेकलंस. ते नाही विचारलं. तिनं विचारलं, उस्तादजींनी मान बघितली ना? मी सांगितलं की मी बघू दिली नाही.  ती म्हणाली, "अगर मेरी बेटी नहीं चली, तो तुमने नहीं चलने दिया."

मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि बाकावर ठेवली. 

मानेचं हाड मोडून सरकलं होतं. ऑपरेशन झालं, स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले की मज्जारज्जू दबलाय, तुटलेला दिसत नाही, वाट बघावी लागेल. म्हणाले, मान कोणी फिरवली नाही ते बरं केलं. मी हे रेखाच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टर काहीही बोलतात, पाय हलू देत. बरोबरच होतं तिचं. म्हणून मग आम्ही दोघी पायांकडे बघत बसायचो, ती खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.  चादर वर सरकवून ठेवलेली आणि आमच्या चार डोळ्यांचा पहारा. माशी बसली आणि पाय हलल्यासारखा वाटला की दोघी एकदम उठायचो.

चाचणीच्या दिवशी मी गेले नाही. पण आमच्या वजनात समोर उभी राहील अशी दुसरी कोणी उरलीच नव्हती, म्हणून चाचणी न देताच माझं नाव पुढे गेलं. निवड झाल्याचा फोन मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात घेतला. आनंद झाला का? झाला. क्षणभर झाला, आणि मग स्वतःची इतकी किळस आली की मी तोंड धुवायला गेले.

डाव्या पायाचा अंगठा हलला तो एका दुपारी. रेखाच्या आईनं आधी पाहिला. खाटेवरून हात पुढे करून तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की वळ उठला. रेखा पुढे बऱ्याच महिन्यांनी वॉकर धरून उभी राहिली, नंतर काठी, नंतर काठीशिवाय. डावा पाय आजही जरा ओढते. कुस्ती अर्थातच संपली. परदेशातल्या स्पर्धेला मी निघताना तिनं मला सांगितलं की दीदी, ढाक मारना, डरना मत. सांगणं सोपं आहे.

परदेशात फार थंडी होती आणि सभागृह इतकं स्वच्छ की थुंकायची सोय नाही. दोन कुस्त्या मी कशा जिंकल्या, देव जाणे. समोरचीचे पाय धरून खेळले, मानेपासून लांब. तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीत समोर मंगोलियाची मुलगी होती. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं, मी एका गुणानं मागे, आणि तिनं नेमकी मान पुढे केली. हुकमी डाव हातात येऊन पडला. मी मान आणि हात कवेत घेतला, कंबर घुसवली, ती उचलली गेली. आणि वर असतानाच मला ती डहाळी ऐकू आली. मी तिला फेकलं नाही. मी तिला खाली ठेवलं, हळूच, डोक्याखाली हात धरून. ती भली हुशार, तिनं तोच हात धरला आणि मलाच पालथं केलं. कुस्ती गेली, पदक गेलं. आमचे कोच टॉवेल देऊन गेले, आणि जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "तू कुस्ती खेळायला आली होतीस की पोर झोपवायला?"

सगळे हसले. मीही हसले. ती माझी शेवटची कुस्ती.

दुःख आहे का? आहे ना. कांस्य का होईना, गळ्यात पडलं असतं. कुस्तीत कांस्य दोघींना देतात, म्हणून ते हुकलेली थेट पाचवी; आणि पाचवी आलेल्या बाईचा कोणी सत्कार करत नाही, आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला ओळख करून देताना "यांचं पदक थोडक्यात हुकलं" असं सांगतात, जणू गाडी चुकली. पण त्या मुलीची मान शाबूत घरी गेली, हे मी कोणाला सांगू? ती तर तशीही शाबूतच गेली असती कदाचित.

आता मी मुलींना शिकवते. शाळेचं सभागृह संध्याकाळी मिळतं. पहिले दोन महिने मी डाव शिकवत नाही, पडायला शिकवते. सरळ पाठीवर, हनुवटी छातीला लावून, दोन्ही हात आपटून. मातीतले लोक हसतात, म्हणतात की ही बाई पहिल्या दिवशीच हरायला शिकवते. शिकवते बुवा. आणि आठवड्यातून एकदा एक मुलगी खाली झोपते आणि बाकीच्या तिचं डोकं धरायला शिकतात. कोणी पेंगलं तर माझा हात उठतो. पालक तक्रार करतात, करू देत. रेखा आमच्या स्पर्धांना टेबलावर घड्याळ सांभाळते, आणि कुठलीही मुलगी पडल्यावर उशिरा उठली की ती आधी माझ्याकडे बघते, मग घड्याळाकडे. माझी तर प्रत्येक पडण्याला छाती धडधडते. सवय होईल म्हणतात. वीस वर्षांत झाली नाही.

अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले ते झालेच. दसऱ्याला मी पाया पडायला जायची, ते पाय पुढे करायचे, तोंड फिरवायचे. खांदे आणि घोटे त्यांच्याकडे येतच राहिले.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी अण्णा ई-रिक्षातून सभागृहाच्या दारात उतरले. आता पंच्याऐंशीच्या घरात, हातात काठी. मुली उठून उभ्या राहिल्या. रिकाम्या गादीकडे बघत म्हणाले, "ते डोकं धरायचं काय शिकवतेस, दाखव."

मी एका मुलीला झोपायला सांगितलं. ते म्हणाले, ती नको. काठी बाजूला ठेवली, माझा दंड धरून खाली बसले आणि गादीवर आडवे झाले. सरळ पाठीवर. त्यांना तसं पडलेलं तालमीत कोणीच कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या डोक्याशी बसले, कोपर रोवले, दोन्ही हातांत डोकं घेतलं. केस उरले नव्हते, कानांचे गोळे माझ्या तळव्यांना लागत होते. मी मुलींना सांगायला लागले की असं धरायचं, ओढायचं नाही, फिरवायचं नाही, कोणी कितीही मोठा माणूस आला तरी सोडायचं नाही.  अण्णा वर छताकडे बघत होते.

"रेखाच्या आधी अशाच दोन माना माझ्यासमोर आल्या होत्या," ते म्हणाले. "मी दोन्ही बसवल्या. त्यातला एकजण अजून भेटायला येतो."

मी मुलींना पाणी पिऊन यायला सांगितलं. दुसऱ्याचं विचारलं नाही. त्या गेल्यावर त्यांना उठू द्यावं म्हणून मी हात सैल केले, तर अण्णांनी खालूनच माझं मनगट पकडलं.

"धर अजून," ते म्हणाले.

मी धरून बसले.